वरच्या खोलीतलं तेवीस

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारी, मुलीला साधी सर्दी झाली तरी रात्रभर तिच्या श्वासाकडे कान लावून बसणारी अशी मी. नवरा म्हणतो, तुला सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी मिळाली नसती तर तू घरच टेस्ट करत बसली असतीस. खरं तर मी तेही करते. दिवसभर इथे जर्मनीत, एश्बॉर्नच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते आणि संध्याकाळी घरातल्या. तरीही गेल्या हिवाळ्यात एक चूक चार दिवस माझ्या हातातल्या मोबाईलवर होती आणि मला दिसली नाही.

सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी येणार असं ठरलं तेव्हा मला आनंद झाला, आणि त्याच दिवशी भीतीही वाटायला लागली. वय पंच्याहत्तरच्या पुढे, थायरॉइडची गोळी चालू, आणि येणार त्या भर डिसेंबरात. बर्फावरून पाय घसरला तर? दुपारी घरात एकट्या असताना काही झालं तर? दार आतून बंद झालं तर? मी चक्क यादी केली. नवऱ्यानं ती वाचली आणि म्हणाला, "यात उल्कापात राहिलाय." तो सोमवारी पहाटे गार्चिंगला जातो, तिथल्या एका संशोधन संस्थेत काम करतो आणि शुक्रवारी संध्याकाळी परत येतो. मधले चार दिवस घर माझ्या एकटीच्या जिवावर असतं. विनोद करायला त्याचं काय जातं?

आमचं घर अरुंद आणि उंच आहे. खाली स्वयंपाकघर आणि हॉल, मधल्या मजल्यावर आमच्या झोपायच्या खोल्या, आणि सगळ्यात वर, छपराखाली, एक खोली आणि तिला लागून छोटीशी बाथरूम. ती सासूबाईंना द्यायची ठरली. जिन्याची मला काळजी होती, पण त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत. पंचाईत होती ती थंडीची. सगळ्या घराचं हीटिंग हॉलमधल्या एका थर्मोस्टॅटच्या हुकमावर चालायचं. हॉलमध्ये आमचा वावर, शेजारी ओव्हन, टीव्ही. तिथे एकवीस झाले की त्याला वाटायचं, झालं आपलं काम, आणि बॉयलर गप्प बसायचा. वरची खोली तेव्हा गारच असायची.

म्हणून मी वरच्यासाठी वेगळा, दुसरा थर्मोस्टॅट मागवला. तळहाताएवढी पांढरी चौकोनी डबी. ती भिंतीवर बसून खोलीचं तापमान मोजणार, आणि त्याप्रमाणे बॉयलरला आणि तिथल्या रेडिएटरला चालू हो, बंद हो असं सांगणार. सगळं मोबाईलवर दिसणार. माहितीपत्रक मी दोनदा वाचलं. ऊन, दिवा, रेडिएटर यांच्यापासून लांब लावा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. वरच्या खोलीत छपराच्या उतारामुळे सरळ अशी एकच भिंत आहे, दाराजवळची. तिथे ऊन येत नाही, रेडिएटर समोरच्या टोकाला आहे. मी डबी त्या भिंतीवर छातीच्या उंचीला चिकटवली. अ‍ॅपमध्ये पहिल्याचं नाव ठेवलं 'खाली', दुसऱ्याचं 'वर'. बावीसवर लावलं, अठरावर लावलं, परत बावीसवर लावलं, रेडिएटरला हात लावून बघितला. सगळं चोख होतं.

सासूबाईंना त्याचं फार कौतुक. पुण्याला फोन लावून सांगायच्या, "अगं, सून ऑफिसात बसून माझी खोली उबदार करते. फोनातून!" मी ऑफिसात कॉफी घेताना 'वर' बघायचे. बावीस. जीव शांत व्हायचा. सगळा डिसेंबर असा छान गेला, आणि मी यादीतल्या दोन-तीन ओळी खोडल्यासुद्धा.

मग पौष आला. माझ्या सासरी शाकंभरीचं नवरात्र असतं. पौष अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत देवीपुढे अखंड दिवा. तो रात्रंदिवस तेवत ठेवायचा, विझू द्यायचा नाही, आणि घर रिकामं सोडायचं नाही. सासूबाईंनी लग्न होऊन आल्यापासून एकही वर्ष चुकवलेलं नाही. "इथेही करूच गं," त्या म्हणाल्या, "तेल तेवढं आणून दे." मी हो म्हटलं आणि त्या क्षणापासून मला आगीशिवाय दुसरं काही दिसेना.

लाकडी फळ्यांचं छप्पर आणि त्याखाली चोवीस तास ज्योत! शिवाय छताला रावखमेल्डर, म्हणजे धूर आला की कर्कश ओरडणारं यंत्र. ते आमच्याकडे एकदा मिरचीच्या फोडणीला ओरडलं होतं आणि अख्खी गल्ली बाहेर आली होती. सासूबाईंचं देवघर म्हणजे एक बुटकं टेबल. ते होतं छपराच्या उताराखाली, बरोबर त्या यंत्राच्या जवळ. मी ते तिथून उचललं आणि दाराजवळच्या सरळ भिंतीला लावलं. वर फळ्या नाहीत, पडदा नाही, यंत्र लांब. खिडकी वरून थोडी कलती उघडी ठेवली, म्हणजे काजळी बाहेर जाईल. वाऱ्यानं दिवा विझू नये म्हणून दार मात्र लावून घ्यायचं, असं सासूबाईंना सांगितलं. टेबलावर पितळी दिवा ठेवला. त्याच्या वर, दीडेक हातावर, ती पांढरी डबी होती. ती मला दिसली होती. ज्योत तिच्यापर्यंत पोचत नाही ना, प्लॅस्टिक वितळणार नाही ना, हे मी वाकून तपासलंही होतं.

पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी वर जमून आरती केली. रविवार होता, हवा बरी होती, नवराही घरी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला, आणि मला पाळी आली.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. मी एरवी ते पाळत नाही. माझ्या आईकडेही कुणी पाळत नव्हतं. पण सासूबाईंचं सोवळं कडक, आणि वर्षातले आठ दिवस त्यांच्या मनासारखं व्हावं असं मी ठरवलं होतं. मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, "लांबूनच नमस्कार कर हो, देवी काही रागवायची नाही." त्यात रागाचा मागमूस नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. ऑफिसात नव्या प्रोग्रॅमची रिलीज जवळ आली होती. चार दिवस दोन जिने चढायचे नाहीत, आरतीला थांबायचं नाही. खोलीत काय चाललंय ते मोबाईलवर दिसतंच होतं. 'वर': तेवीस पूर्णांक दोन. रेडिएटरचं चिन्ह बंद. वा, म्हटलं, खोली स्वतःच ऊब धरून आहे.

सोमवारपासून थंडी वाढली. सकाळी गाडीच्या काचा खरवडाव्या लागायला लागल्या, कुंपणावरचं पाणी गोठलं. मंगळवारी संध्याकाळी मी मधल्या मजल्यावर कपड्यांच्या घड्या करत होते, तेव्हा वरून दार किलकिलं झालं आणि सासूबाईंचा आवाज आला.

"अगं, वर जरा गार वाटतंय गं."

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन मोबाईल उंच धरला. "आई, अहो तेवीस आहे वर! बघा. खाली हॉलमध्ये एकवीस आहे. घरात सगळ्यात उबदार तुमचीच खोली आहे."

त्या कठड्यावरून वाकल्या. चष्मा कपाळावर होता, तो डोळ्यांवर घेतला, आकडा वाचला.

"हो का? तेवीस?" त्या म्हणाल्या. "मग बरोबर असेल. माझंच वय झालं."

आणि दार लागलं. मी घड्या करायला परत गेले. हे मी आजवर कुणालाही सांगताना गाळलेलं नाही, कारण गाळावंसं फार वाटतं.

बुधवारी माझी मुलगी आजीचं ताट घेऊन वर गेली होती. सासूबाई नवरात्रात एकदाच, संध्याकाळी जेवतात. मुलगी नऊ वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं पण उत्तर जर्मनमध्ये देते. खाली येऊन म्हणाली, "डा ओबन इस्ट एस काल्ट." वर गार आहे.

"नाही गं, तेवीस आहे वर," मी लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हटलं.

"ओमा हाट आइन म्युत्झं आन," ती म्हणाली. आजीनं टोपी घातलीय.

मी हसले. पुण्यात पंखा चालू असतानाही सासूबाईंची माकडटोपी उशाशी असते. आमच्याकडे संक्रांतीच्या सुमाराला वीस अंशाला लोक स्वेटर घालून फिरायला निघतात. मी तिला हे सगळं समजावून सांगितलं. तिनं खांदे उडवले आणि गृहपाठाला बसली. त्याच संध्याकाळी अ‍ॅपनं मला शाबासकी म्हणून हिरव्या पानाचं चित्र पाठवलं: या आठवड्यात 'वर' तुम्ही छान ऊर्जा वाचवली. बाहेर शून्याखाली पारा, आणि तीन दिवसांत वरचा रेडिएटर एकदाही चालू झालेला नाही. ऑफिसात कुणी मला असा प्रोग्रॅम दाखवला असता तर मी पहिल्या मिनिटाला म्हटलं असतं, थांबा, इथे काहीतरी चुकतंय. घरी मी त्या पानाकडे बघून खूश झाले.

गुरुवारी मी ऑफिसात होते. नैवेद्य झाला की साडेबाराच्या सुमारास सासूबाई मला व्हिडिओ कॉल करायच्या. फोन देवीसमोर धरायच्या, मी लांबून नमस्कार करायचे, दोन मिनिटांत संपायचं. त्या दिवशी एक वाजला तरी फोन आला नाही. मी लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. 'वर' बघितलं: चोवीस. निदान आग नाही, असं मी स्वतःला सांगितलं. आग असती तर आकडा चढला असता.

तिसऱ्यांदा त्यांनी उचलला. चित्र दिसलं नाही, नुसता काळोख आणि कापड घासल्याचा आवाज.

"आई? आई, ऐकू येतंय का?"

"ताई," त्या म्हणाल्या. आवाज जाड, जिभेवर ओझं ठेवल्यासारखा. "ताई, बंब पेटवलास का गं?"

सासूबाईंची ताई जाऊन वीस वर्षं झाली. बंब त्यांच्या माहेरच्या न्हाणीघरात होता, हे मी फक्त ऐकलेलं. मी "आई, मी बोलतेय" असं चार वेळा म्हटलं. पलीकडे फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही.

मी कोट उचलला आणि स्टेशनकडे पळाले. पळता पळता नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "झोपेत असेल ती. उपास आहे, पहाटे चारला उठते, दुपारी डोळा लागला असेल. तू लगेच घाबरू नकोस." घाबरू नकोस हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की त्याचा अर्थच उरलेला नाही. पण या वेळी त्याच वाक्यानं मला शेजारी फोन करण्यापासून अडवलं. कारण महिन्यापूर्वी असंच त्यांनी फोन उचलला नव्हता, तेव्हा मी आमच्या शेजारच्या बाईंना फोन करून वर पाठवलं होतं. बाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका, आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. त्या धावत वर गेल्या तर सासूबाई अंघोळ करत होत्या. दोघी एकमेकींना बघून किंचाळल्या. पुढे आठवडाभर सगळे मला हसत होते. आता परत तेच करायचं? आणि दुसरंही एक मनात आलं. अगदी क्षणभर आलं, पण आलं. बाई घाईत बूट घालूनच वर जातील. सोवळ्याच्या खोलीत.

एस-बान, म्हणजे इथली लोकल, आठ मिनिटांनी होती. त्या आठ मिनिटांत मी प्लॅटफॉर्मवर उभी राहून काय केलं, तर मोबाईलवरचा आकडा बघत राहिले. चोवीस. गाडीत बसले, चोवीस. माझ्यासमोर एक माणूस सँडविच खात होता. मला त्याचा विनाकारण राग आला.

मग आकडा हलला. तेवीस. मी म्हटलं, ठीक आहे. पुढचं स्टेशन गेलं, एकवीस. मग साडेअठरा. खिडकी सताड उघडली का कुणी? सासूबाईंनी? कशाला? सोळा. थर्मोस्टॅटला वाटलं खोली गार होतेय, त्यानं रेडिएटर पूर्ण उघडला. मला ते चिन्ह दिसलं, केशरी, चार दिवसांत पहिल्यांदा. तरी आकडा खालीच. चौदा. कुठली खोली अशी बघता बघता गार होते? भिंती गार व्हायला वेळ लागतो, छप्पर गार व्हायला वेळ लागतो. मी टेस्टर आहे. मी त्या आलेखाकडे बघत होते आणि माझं डोकं, इतके दिवस बंद पडलेलं, एकदम चालायला लागलं.

खोली गार होत नव्हती. खोली आधीपासूनच गार होती. डबीखालचा दिवा विझला होता.

चार दिवस ती डबी दिव्याची ऊब मोजत होती. दिव्याच्या वरची हात-दीड हात जागा तेवीस, आणि बाकी खोली, कलती उघडी खिडकी, बाहेरचं शून्य. आणि मी जिन्याच्या खालच्या पायरीवरून सासूबाईंना तो आकडा वाचून दाखवला होता. हे कळलं त्यापेक्षाही मोठी भीती पुढच्या क्षणाला आली. सासूबाईंनी पन्नासहून अधिक वर्षांत तो दिवा कधी विझू दिला नव्हता. त्या दर दोन-तीन तासांनी उठून तेल घालतात. दिवा विझला याचा अर्थ त्यांना उठता येत नाही.

मी शेजारच्या बाईंना फोन केला. माझं जर्मन एरवी बरं आहे, त्या वेळी मला साधी क्रियापदं सुचेनात. "बिट्टं, प्लीज," मी म्हणत राहिले, "माझी सासू, वर, थंडी, बिट्टं, आत्ता." बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. किल्लीचा आवाज, जिन्यावर पावलं, धाप लागलेला श्वास. आणि हो, बूट. ते बूट लाकडी जिन्यावर वाजत होते आणि मी मनात म्हणत होते, पळा, अजून जोरात पळा.

दार उघडलं. मग बाई म्हणाल्या, "आल्झो... माइन गॉट." अरे देवा.

"जिवंत आहेत का?" मी भर गाडीत मराठीत ओरडले. सँडविचवाला माणूस उठून उभा राहिला.

बाईंना ते समजलंच असावं. त्या म्हणाल्या, आहेत, भिंतीला टेकून जमिनीवर बसल्यात, डोळे उघडे आहेत, पण अंग बर्फ आहे, आणि त्या थरथरत नाहीयेत, हे चांगलं नाही. मी फोन ठेवते, अँब्युलन्सला बोलावते. मग फोन बंद झाला, आणि मला अजून तीन स्टेशनं जायचं होतं. त्या तीन स्टेशनांत मी देवीला काय काय बोलले ते मी लिहिणार नाही. नवस केले, आणि रागावलेही. जी बाई तुझ्यासाठी दिवा सांभाळत बसली तिची ही दशा करतेस, असं म्हटलं. आणि मध्येच लक्षात येत होतं की देवीनं काही केलं नाही. टेबल मी सरकवलं होतं.

मी पोचले तेव्हा अँब्युलन्स दारात होती. वरच्या खोलीत पाऊल टाकलं आणि गारवा तोंडावर आला. ओल्या फरशीसारखा, तळघरासारखा. चार दिवसांत मी एकदा जरी आत आले असते! सासूबाई रेशमी पातळात होत्या. सोवळ्यात शिवलेला कपडा चालत नाही, म्हणून पहाटे न्हाऊन, ओल्या केसांनी, त्या रोज तशाच तासन् तास पूजेला बसत होत्या. शेजारच्या बाई जमिनीवर त्यांना मागून मिठी मारून बसल्या होत्या. दोघींवर आमची रजई, आणि वर बाईंचा स्वतःचा कोट. सासूबाईंचं डोकं त्यांच्या खांद्यावर. देवीपुढे दिव्याची वात काळी पडली होती.

डॉक्टर तरुण होता. त्यानं सासूबाईंच्या अंगाचं तापमान घेतलं आणि सहकाऱ्याला हळूच काहीतरी सांगितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, खोलीत किती तापमान होतं?

माझ्या तोंडून सवयीनं आधी तेवीसच आलं. मग मी म्हटलं, "बारा. कदाचित चार दिवस." त्यानं माझ्याकडे बघितलं. घरातल्या म्हातारीला बारा अंशात ठेवणाऱ्या बाईकडे जसं बघायला हवं तसंच बघितलं.

हॉस्पिटलात त्यांना गरम हवेच्या पांघरुणाखाली ठेवलं, कोमट सलाइन लावलं. वय, उपास, थायरॉइड आणि थंडी, सगळं एकत्र आलं, असं तिथल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या. हृदयाचे ठोके रात्रभर बघावे लागतील. अजून तासभर उशीर झाला असता तर, असं म्हणून त्या थांबल्या. मला ते वाक्य पूर्ण करून नको होतं. नवरा गार्चिंगहून निघाला होता. मी बाहेरच्या खुर्चीवर बसले आणि मोबाईल उघडला. 'वर': बावीस. रिकामी खोली छान गरम झाली होती. मी ते अ‍ॅप तिथल्या तिथे काढून टाकलं, आणि मग हमसून हमसून रडले.

शुक्रवारी दुपारी सासूबाई पूर्ण शुद्धीवर आल्या. चेहऱ्यावर रंग होता, आवाज त्यांचा स्वतःचा होता. नवरा चहा आणायला खाली गेला होता. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि पहिलं काय विचारलं, तर "दिवा विझला का गं?"

खोटं बोलावं असं मला फार वाटलं. मुलीनं तेल घातलं, शेजारच्या बाईंनी सांभाळला, काहीही. पण खोट्या आकड्यांनी माझं पोट भरलं होतं.

"विझला, आई," मी म्हटलं. "पण तो विझला म्हणूनच मला कळलं." आणि डबी, टेबल, खिडकी सगळं सांगितलं. कुठेही माझी बाजू घेतली नाही. त्या छताकडे बघत ऐकत होत्या.

"मग देवीनंच विझवला," त्या म्हणाल्या. "तिला माझी दया आली असेल."

"पण आई, तुम्ही परत का नाही सांगितलंत?" मला राहवेना. माझा आवाज चढला, हॉस्पिटलात आहोत हेही विसरले. "एवढी थंडी वाजत होती तर खाली का नाही आलात? हाक का नाही मारलीत? ओरडायचं होतंत माझ्यावर!"

त्या जरा गोंधळल्या. आपलंच काही चुकलं की काय, अशा नजरेनं माझ्याकडे बघायला लागल्या.

"अगं, सांगितलं की मंगळवारी," त्या म्हणाल्या. "तू तेवीस दाखवलंस ना. मला काय माहीत? मला वाटलं, इकडचं तेवीस असंच असतं."

त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि चोळायला लागल्या. त्यांचे हात आता गरम होते. माझेच गार होते, आणि ते त्यांना लगेच कळलं होतं.